कोलंबसच्या गाणाऱ्या रात्री

ऑक्टोबरचा शेवट. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाची गडबड असते, त्याच सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्याची राजधानी कोलंबस थंडीसाठी उबदार कपडे बाहेर काढत असते. सायोटो नदीच्या काठचे मेपल वृक्ष पिवळे-तांबडे झालेले असतात आणि संध्याकाळ लवकर उतरू लागलेली असते. अशा एका शुक्रवारी शहरातल्या एखाद्या हॉटेलात गाड्या येऊन थांबू लागतात. उतरणाऱ्या मंडळींच्या एका हातात कपड्यांची बॅग, तर दुसऱ्या हातात गिटारची पेटी असते. कुणाकडे छोटी वीणेसारखी हार्प, कुणाकडे बासरी, कुणाकडे आयर्लंडचा चपटा डफ. पुष्कळांच्या काखोटीला नुसत्या जाडजूड वह्या. स्वागतकक्षात उभा असलेला एखादा अनोळखी प्रवासी विचारतो, ‘कुठला ऑर्केस्ट्रा आला आहे का?’

ऑर्केस्ट्रा नव्हे. ही सारी विज्ञानकथांची आणि अद्भुतकथांची वेडी माणसे. कुणी शाळेत शिकवते, कुणी ग्रंथालयात काम करते; संगणकक्षेत्रातली तर बरीच. गाणे हा यांच्यापैकी फारच थोड्यांचा पोटापाण्याचा धंदा. शुक्रवारपासून रविवारपर्यंत ही माणसे अंतराळयाने, ड्रॅगन, यंत्रमानव आणि आवडत्या कादंबऱ्यांवरची गाणी एकमेकांना म्हणून दाखवतात. या मेळाव्याचे नाव ‘ओहायो व्हॅली फिल्क फेस्ट’. १९८४ साली तो सुरू झाला.

एका अक्षराची चूक

‘फिल्क’ हा शब्द छापण्याच्या चुकीतून जन्मला. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी ली जेकब्ज नावाच्या एका विज्ञानकथाप्रेमीने हौशी मंडळींच्या अंकासाठी लेख लिहिला. त्याला लिहायचे होते ‘फोक’, म्हणजे लोकसंगीत. इंग्रजी टंकयंत्रावर ‘ओ’ आणि ‘आय’ या दोन कळा शेजारी शेजारी असतात. बोट चुकले आणि ‘फोक’चे ‘फिल्क’ झाले. त्या लेखातल्या पदांत चावटपणा फार म्हणून तो छापला गेला नाही; पण ती चूक मंडळींना इतकी आवडली की तीच नाव होऊन बसली. पुढे लेखक पोल अँडरसन यांच्या पत्नी कॅरन अँडरसन यांनी १९५३च्या सुमारास हा शब्द प्रथमच जाणूनबुजून वापरला, असे या मंडळींच्या इतिहासात नोंदले आहे.

सुरुवातीची बरीचशी फिल्कगीते म्हणजे जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या चालीवर बसवलेले नवे शब्द. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ अशी ओळ छापलेली असे, ती याच कारणाने. चाल ओळखीची असली की नवे शब्द पटकन तोंडी बसतात आणि ज्याला स्वरलिपी कळत नाही तोही सामील होऊ शकतो. आता फिल्कमध्ये स्वतंत्र चालीची, उत्तम बांधणीची गाणी भरपूर आहेत. पण ‘सामील होता यावे’ ही मूळ प्रवृत्ती अजून सुटलेली नाही.

विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. त्यानंतरच्या कितीतरी वर्षांत संमेलनात गाणाऱ्यांना मानाची जागा नव्हती. दिवसभर चर्चा, व्याख्याने, चित्रप्रदर्शने. गाणारे मात्र मध्यरात्री, एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत, नाहीतर जिन्यावर. शेजारच्या खोलीतल्यांची झोपमोड झाली म्हणून तक्रारी, त्यावरून खटके, हेही ओघाने आले. शेवटी १९७९ साली शिकागोला फक्त फिल्कसाठीच पहिले संमेलन भरले. पाच वर्षांनी कोलंबसचे सुरू झाले. ज्यांना जिन्यावरून उठवले जाई, त्यांना हॉटेलची सर्वांत मोठी खोली मिळाली.

ओहायोच का, याला खास उत्तर नाही. हौशी माणसे तिथे होती, इतकेच. पण योग मात्र छान जुळला आहे. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू याच राज्यातल्या डेटन गावचे. त्यांचे सायकलचे दुकान तिथलेच. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग १९३० साली ओहायोतल्याच वापाकोनेटाजवळ जन्मले. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकन जॉन ग्लेन हेही ओहायोचे सुपुत्र, आणि कोलंबसच्या विमानतळाला २०१६ साली त्यांचेच नाव देण्यात आले. भारतातून जाणारा प्रवासी न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या ठिकाणी विमान बदलून या विमानतळावर उतरतो. हाताशी एखादा दिवस असेल तर डेटनचे प्रचंड विमान-संग्रहालय किंवा वापाकोनेटाचे आर्मस्ट्राँग संग्रहालय पाहून येता येते. मोटारीने दोन तासांच्या आतबाहेर ही दोन्ही ठिकाणे आहेत.

या मेळाव्यात दरवर्षी ‘पेगॅसस’ पुरस्कार दिले जातात. पेगॅसस म्हणजे ग्रीक पुराणातला पंख असलेला घोडा. पहिल्याच वर्षी, १९८४ साली, उत्कृष्ट गीताचा मान लेस्ली फिश यांच्या ‘होप आयरी’ला मिळाला. ‘आयरी’ म्हणजे गरुडाचे उंचावरचे घरटे. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अमेरिकेच्या यानाचे नाव ‘ईगल’ होते, हे आठवले की शीर्षक उलगडते. या पुरस्कारांसाठी नाव सुचवायला आणि मत द्यायला मेळाव्याची वर्गणी भरावी लागत नाही, कोलंबसला यावेही लागत नाही. फिल्कची आवड हवी, बस्स.

वर्तुळ

दिवसा ठरलेल्या कलाकारांचे कार्यक्रम होतात, गीतलेखनाची स्पर्धा होते, शनिवारी मेजवानी आणि पुरस्कार. हे सगळे कोणत्याही संमेलनासारखेच. खरी गंमत रात्री. कार्यक्रम संपले की खुर्च्यांच्या रांगा मोडून त्यांचे मोठे वर्तुळ केले जाते. इथे व्यासपीठ नाही आणि श्रोत्यांसाठी वेगळी बाजूही नाही. आता कुणीही गावे.

पण ‘कुणीही गावे’ हे म्हणायला जितके सोपे तितके व्हायला अवघड. घरच्या अंताक्षरीतसुद्धा काय होते ते आठवून पाहावे. एक मोठ्या आवाजाचा मावसभाऊ, एक पाठांतराची पक्की आत्या, आणि बाकीचे टाळ्या वाजवायला. कोपऱ्यातल्या वहिनीला गाणे आठवेपर्यंत ‘एक, दोन, तीन’ होऊन गेलेले असते. कुणाच्या मनात खोट नसते, तरी असे होते.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात जी पद्धत रुजली, तिला ही मंडळी ‘केऑस’, म्हणजे गोंधळ म्हणतात. एक गाणे संपते, क्षणभर शांतता, आणि जो आधी सूर छेडील त्याचे गाणे. यात बहार असते हे नाकारण्यात अर्थ नाही. कुणी ड्रॅगनचे गाणे म्हटले की दुसऱ्याला त्याला उत्तर देणारे ड्रॅगनचेच गाणे आठवते, तिसरा ड्रॅगनची बाजू मांडतो, चौथी व्यक्ती ड्रॅगनला जेवू घालणाऱ्या स्वयंपाक्याची कैफियत गाते. गाण्यातून गाणे निघत जाते आणि अशी लागलेली साखळी मंडळी वर्षानुवर्षे आठवतात. मात्र या शर्यतीत गिटारवाला नेहमी पुढे. त्याने तारांवरून बोट फिरवले की जागा त्याची झाली. जो वाद्यावाचून गातो, त्याने जागा कशी धरावी? हात वर करावा तर कुणी पाहत नाही, तोंड उघडावे तर दुसऱ्याचे सुरू झालेले. आणि सभ्य माणसाची तर फारच पंचाईत. ‘आधी तुम्ही’ म्हणता म्हणता पहाटेचे दोन वाजतात.

पश्चिम किनाऱ्याकडे दुसरी रीत चालत आली. तिचे नाव ‘बार्डिक’. बार्ड म्हणजे युरोपातले भाट. वर्तुळात क्रमाने एकेकाकडे पाळी येते आणि प्रत्येकापुढे तीन वाटा असतात. स्वतः गावे, दुसऱ्या कुणाला अमुक गाणे म्हणायची विनंती करावी, किंवा ‘पुढे’ म्हणावे. यातली मधली वाट फार शहाणपणाची आहे. ज्याला गाता येत नाही असे वाटते, त्याच्याही हाती पाळीचा हक्क राहतो. पुढची पाच मिनिटे खोलीत कोणते गाणे गुंजावे हे तो ठरवतो. आणि ‘पुढे’ म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. आपल्याकडे ‘अहो, म्हणा ना, एवढे काय लाजता!’ असा जो प्रेमळ छळ चालतो, तो इथे बसत नाही.

मग ही रीत सगळीकडे का नाही? त्याला साधा हिशेब आडवा येतो. चाळीस माणसे बसली. प्रत्येकाचे गाणे, त्याआधी दोन वाक्यांची ओळख, तारा जुळवणे असे पाच-पाच मिनिटे धरले, तर एक फेरी व्हायला २०० मिनिटे लागतात. म्हणजे तीन तास वीस मिनिटे. दहाला बसलेल्याची पाळी सव्वाला यायची! तोवर ड्रॅगनचे गाणे केव्हाच होऊन गेले आणि मनात आलेले उत्तर शिळे झाले. ज्यांना गप्प बसवत नाही ते पाय मोकळे करायला जातात आणि आपली पाळी झाली की परततच नाहीत. आळीपाळीने न्याय होतो खरा, पण त्या न्यायात कधीकधी झोप येते.

म्हणून मधल्या वाटा निघाल्या. एक आहे सोंगट्यांची. पत्त्यांच्या डावात वापरतात तशी एकेक रंगीत सोंगटी दारातच प्रत्येकाला द्यायची. गायचे असेल तेव्हा ती मध्ये टाकायची. ज्याच्या हातात सोंगटी शिल्लक आहे त्याचा हक्क, ज्याची संपली त्याच्याआधी. साखळी तुटत नाही, आणि खोलीभर नजर टाकली की कुणाची सोंगटी अजून मुठीत आहे ते दिसते. दुसरी वाट म्हणजे दोन खोल्या करणे, एकीत गोंधळ, दुसरीत पाळी. तिसरी म्हणजे संध्याकाळी लवकर, मुलांसाठी आणि लवकर झोपणाऱ्यांसाठी, एक छोटी फेरी घेणे. रात्री बारानंतर जागणे हीच गाण्याची पात्रता असू नये, म्हणून.

कुठलीही रीत असो, बैठक सांभाळणारे एखादे माणूस लागतेच. बहुधा ती एखादी जुनी, मुरलेली बाई असते. तिने स्वतः कमी गायचे आणि खोली वाचायची. कोण वही उघडते, बोटाने ओळ शोधते, आणि शेजारच्याने तार छेडताच हळूच वही मिटते, हे तिला दिसले पाहिजे. असे दोनदा झाले की तिसऱ्या खेपेला ती एवढेच म्हणते, ‘मला वाटते तिकडे कुणाकडे तरी गाणे आहे.’ खोली थांबते. तीन दिवस बसून एकही गाणे न म्हणता घरी जाणारा माणूस तक्रार करत नाही. तो पुढच्या वर्षी येत नाही, इतकेच. त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, म्हणूनच ती नजर हवी.

खुर्च्यांचे राजकारण

बैठक भरवणाऱ्यांचे निम्मे कौशल्य खुर्च्या मांडण्यात असते, हे बाहेरच्याला पटत नाही. वर्तुळ लहान पडले की मागे दुसरी रांग बसते आणि दुसऱ्या रांगेतल्याची पाळी हमखास हुकते. कुणी मुद्दाम गाळत नाही. पुढच्यांच्या खांद्यांआड तो दिसतच नाही. यावर काही ठिकाणी सरळ सांगून टाकतात, ‘गायचे असेल तर पुढे या, ऐकायचे असेल तर मागे बसा.’ त्यामुळे निवांत ऐकायला आलेल्यालाही हायसे वाटते.

चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी वर्तुळात आधीपासून मोकळी जागा सोडावी लागते. ते माणूस आल्यावर ‘अहो, जरा सरका’ म्हणत दहा जणांना उठवले तर जागा मिळते, पण सगळ्यांच्या नजरा झेलतच ती घ्यावी लागते. डोळ्यांच्या इशाऱ्याने पाळी देण्याची सवय तर फारच खोल मुरलेली. पण अंध गायकाला तो इशारा कसा कळणार? म्हणून नाव उच्चारून पाळी द्यायची. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतले शब्द, काही कार्यक्रमांत संकेतभाषेत गाणे उतरवणारी व्यक्ती. गाणे हातांनी उतरवणारी व्यक्ती रंगात आली की ऐकू येणारेही गायकाऐवजी तिच्याकडेच पाहत बसतात.

छापील गीतसंग्रहांचे दुखणे निराळे. सगळ्यांच्या हातात पुस्तक असले की नवखाही गाऊ शकतो, हे खरेच. पण मग सगळ्यांची नाके पुस्तकात, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि पाठ नसलेले गाणे रखडत, एका लयीत पुढे सरकते. जुन्या मंडळींची ही कुरकुर अगदीच खोटी नाही. धृपदाची गाणी हा त्यावरचा सुटसुटीत तोडगा. कडवे एकाने म्हणायचे, धृपद साऱ्या खोलीने; दुसऱ्या फेरीपर्यंत ते नवख्यालाही पाठ झालेले असते. आपल्या भजनी मंडळाने हे शेकडो वर्षे केले आहे.

साथ द्यायची तर आधी विचारावे, हाही एक शिरस्ता. उत्साही डफवाल्याने बारीक आवाजाच्या मुलीचे गाणे बुडवले, असे एकदा तरी घडतेच. रेकॉर्डिंग करण्यापूर्वीही विचारतात. पहिल्यांदा गाणाऱ्याचा चुकलेला सूर कुणाच्या फोनमध्ये राहू नये, ही त्यामागची भावना.

आणि दुःखाची गाणी? ती तर येतातच. अंतराळात हरवलेली याने, न परतलेले खलाशी, मेलेले ग्रह. इंग्रजीत ‘मोरोस’ म्हणजे उदास. कुणा विनोदी माणसाने त्याची फोड ‘मोर ओस’, म्हणजे ‘आणखी ओस’ अशी केली आणि तेव्हापासून रडव्या गाण्यांना ‘ओस’ म्हणतात. ओळीने तीन ‘ओस’ झाली की कुणीतरी मांजरांवरचे एखादे गाणे काढून खोलीला वर आणते.

कोलंबसची ही रीत आता एकट्या कोलंबसची राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये १९८९पासून आणि कॅनडात टोरांटोच्या परिसरात १९९१पासून असे मेळावे भरत आले. जर्मनीतल्या मंडळींनी अनेक वर्षे फ्रॉइसबुर्ग नावाच्या जुन्या किल्ल्यात, जिथे आता युवकांचे वसतिगृह आहे, आपली वर्तुळे मांडली. तिथे जर्मन गाण्यामागून इंग्रजी गाणे सहज येते. एका प्रांतातल्या गायकाला दुसऱ्या प्रांतातल्या मेळाव्याला पाठवण्यासाठी ‘इंटरफिल्क’ नावाचा निधीही आहे. मेळाव्यांत वस्तूंचे लिलाव करून त्यासाठी पैसे जमवतात.

२०२० साली कोविडने खोल्या बंद पडल्या तेव्हा वर्तुळ संगणकाच्या पडद्यावर गेले. तिथे एक अडचण अशी की आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांनाही एकदम गाता येत नाही. धृपद धरावे तर चार जणांची चार टोके! शेवटी एकाने गायचे, बाकीच्यांनी आपले ध्वनिक्षेपक बंद करून आपापल्या घरात मोठ्याने साथ द्यायची, असे ठरले. पडद्यावर पंचवीस तोंडे हलताहेत, आवाज एकाचाच. गोंधळ घालायची सोयच नसल्याने पाळीची यादी आपोआप आली. आणि ज्यांना आजारपणामुळे, पैशांअभावी किंवा घरी कुणी अंथरुणाला खिळल्यामुळे कधीच प्रवास जमला नव्हता, ती माणसे त्या यादीत दिसू लागली. खोल्या पुन्हा उघडल्यावर त्यांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून बैठक भरवणाऱ्यांपुढे आहे. खोलीत पडदा लावला तर दूरचे दिसतात, पण धृपद पुन्हा फाटते.

रविवारी दुपारी मेळावा अधिकृतपणे संपतो. विमाने गाठणारे निघून जातात. उरलेले रात्री पुन्हा जमतात. या शेवटच्या बैठकीला त्यांनी ‘डेड डॉग’, म्हणजे मेलेला कुत्रा, असे चमत्कारिक नाव दिले आहे, कारण तोवर सगळे तितकेच दमलेले असतात. आवाज बसलेले, बोटे सोललेली, खोकल्याच्या गोळ्यांचे कागद खुर्च्यांखाली. वर्तुळ आता पंधरा-वीस जणांचेच असते, त्यामुळे पाळी लवकर येते आणि घाई कुणालाच नसते.

दोन रात्री ‘पुढे’ म्हणणारे कुणीतरी बहुधा याच वेळी वही उघडते. कागद थोडा थरथरतो. चाल जुनीच, सगळ्यांच्या ओळखीची, शब्द मात्र गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलेले. दुसऱ्या कडव्यात ओळ अडते. कुणी हसत नाही, कुणी गिटार पुढे रेटत नाही. शेजारची व्यक्ती वहीत डोकावून पहिला शब्द हळूच सांगते, गाणे पुन्हा चालू लागते, आणि धृपद आले की दमलेली खोली ते उचलते. दाराशी हॉटेलचा माणूस खुर्च्या उचलायला येऊन उभा असतो. तो घड्याळाकडे पाहतो, मग दार ओढून घेतो आणि बाहेर थांबतो.